धनुर्वातात ऐकलेला सप्ताह

"टिटॅनस," डॉक्टरसाहेब म्हणाले आणि माझ्या मालकाच्या तोंडाकडं बघत उभे राहिले.

मालकाला काय कळणार? मग साहेबांनीच फोड करून सांगितलं. "धनुर्वात. जखमेतून विष अंगात गेलं. बाईचे जबडे आवळले, आता मान, पाठ, पोट, सगळं आवळेल. खोलीत उजेड नको, आवाज नको, अंगाला हात लावणं नको. दार आपटलं तरी झटका येईल. और एक बात, इनको गुस्सा नहीं आना चाहिए. राग आला तरी झटका येईल."

मालक खाली बघून म्हणाले, "साहेब, बाकी सगळं करतो. ते शेवटचं तेवढं जमायचं न्हाई."

मी खाटेवर पडून सगळं ऐकून राहिले व्हते. दातखीळ बसलेली, नायतर काय जमतं न् काय न्हाई ते तिथंच दोघांना सांगितलं असतं.

मी कोंडाबाई, साखऱ्याची. माझ्या तोंडाला लागायची गावात कुणाची टाप न्हाई, हे मी न्हाई, गावच सांगतं. मी बोलते आणि भाची लिहून घेते. काहून, तर आजकाल जो उठतो तो शांती शिकवतो. निजामी गेल्यापासून तर देवळात शांती, शाळेत शांती, बाजारात शांती. तुमचं मन शांत ठेवा म्हणजे घर शांत, घर शांत तर गाव शांत, गाव शांत तर जग शांत. ऐकायला लई गोड. पण हे सांगणारे नेहमी उभे असतात आणि ऐकणारं कुणीतरी आडवं पडलेलं असतं. मी आडवी पडून ऐकलंय, म्हणून मला बोलायचा हक्क हाय.

तवा जर्मनीची मोठी लढाई चालू व्हती. राकेल मिळायची मारामार. ज्वारी काढून झाली व्हती आणि मी अनवाणी रानात सरपण गोळा करून राहिले व्हते. ज्वारीचं धसकट तळपायात रुतलं. धसकट म्हणजे कापलेल्या ताटाचा जमिनीत राहिलेला खुंट, सुरीसारखा. आमच्याकडं अशा जखमेवर जे लावतात तेच मी लावलं, ताजं शेण आणि वरून चिंधी. वरून जखम भरून आली. मी कामाला लागले.

बायांनो, इथंच ऐका. शेण लावू नका. जखम वरून बुजते आणि विष आत राहतं. साबणाच्या पाण्यानं धुवा, उघडी ठेवा आणि दवाखान्यात जाऊन सुई घ्या. मला कुणी सांगितलं नव्हतं, तुमाला मी सांगून राहिले.

मग एका सकाळी भाकरीचा घास चावता येईना. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या वारं लागलं, शेक दे. शेकलं. दुसऱ्या दिवशी मान वळेना. देवऋषी येऊन अंगारा लावून गेला. मग तोंड मिटलं ते मिटलंच, आणि पाठीत अशी कळ आली की मी खाटेवरून कमानीसारखी उचलली गेले. तवा कुठं मालकांनी गाडी जुंपली. साखऱ्याहून सेनगाव, सेनगावहून हिंगोली. वाटेतला एकेक दगड माझ्या पाठीनं मोजला.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक खोली व्हती, एकच खिडकी, तिला घोंगडी लावली. साहेबांनी दारातच बूट काढले आणि सगळ्यांना काढायला लावले. सुई दिली ती 'सीरम'ची. सीरम म्हणजे घोड्याच्या रक्तातून काढलेलं पाणी, ते धनुर्वाताच्या विषाला मारतं. ते परभणीहून रेल्वेनं मागवलं व्हतं. आत्याबाईंनी घोड्याचं नाव ऐकलं. "जातीनं गेली आता पोरगी," म्हणाल्या. अहो, जिवानं चालले व्हते मी!

दुसरं औषध 'क्लोरल', म्हणजे गुंगीचं. तोंड उघडत नव्हतं, पण माझी मागली एक दाढ पडलेली व्हती. त्या फटीतून नळीनं दूध आणि औषध जायचं. पडलेल्या दाढेचे उपकार मानावे लागतील हे मला कधी वाटलं नव्हतं.

या आजाराची मोठी हरामखोरी अशी, की डोकं साफ राहतं. शुद्ध जात न्हाई. झटका आला की टाच आणि टाळू एवढंच खाटेला टेकतं, मधलं सगळं अंग वर. श्वास अडकतो. आणि हे सगळं तुमाला जागेपणी कळत असतं. वरून चेहरा असा ताणला जातो की माणूस हसून राहिल्यावाणी दिसतं. साहेबांनी त्याला 'रायसस सार्डोनिकस' असं इंग्रजीत म्हटलं. म्हणजे आजाराचं खोटं हसू. मी आत मरणाच्या दारात आणि तोंडावर लग्नाघरचं हसू, अशी माझी गत व्हती.

भेटायला माणसं आली. आजाऱ्याला भेटायला जायचं, रडायचं आणि त्याच आजारानं कोण कोण गेलं ते त्याच्याच उशाला बसून सांगायचं, ही आपली रीत. साहेबांनी सगळ्यांना दाराबाहेर ठेवलं, पण दार लावलं म्हणून कान थोडेच बंद होतात! एक चुलत जाऊ म्हणाली, "देवानं बराबर जागा धरली बघा. तोंडच मिटवलं." आणि आत्याबाई हसल्या. थोडंसंच, पण हसल्या.

मला असा राग आला की डोळ्यापुढं अंधारी आली आणि त्या रागासंगं झटका आला. जीभ दाताखाली सापडली. तोंडातून रक्त आलं. त्यानंतर माझ्या ध्यानात आलं की साहेब खरं बोलले व्हते. ज्यांनी बोलावं ते दाराबाहेर सुखरूप, आणि ऐकणारीनं रागवलं तर ती मरणार. हा कुठला न्याय? पण न्याय मागायला तोंड लागतं.

मग मी एक केलं. चुलीवर दूध उतू चाललं की आपण खालचं लाकूड ओढून घेतो, तसं केलं. राग यायला लागला की मनातल्या मनात घर सारवायला घ्यायचे. दाराकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात. शेण कालवायचं, हाताचा पंजा फिरवायचा, एक पट्टा, त्याला लागून दुसरा पट्टा. चुलीपाशी जरा जपून. सारवत सारवत परसदारापर्यंत जायचं. पंजा फिरेस्तोवर राग खाली बसायचा. मला यायचं ते. कुणी मला यासाठी साध्वी म्हणू नका. जिवाच्या भीतीनं जमलं, भक्तीनं न्हाई.

झटके कमी व्हायला लागले. साहेब दारातून बघून मान हलवायचे. मालक दाराशी भिंतीला टेकून बसायचे, खोकला आला तर धोतराचा बोळा तोंडात घालायचे.

आणि मग भिंतीपलीकडं सप्ताह बसला.

दवाखान्याच्या कुंपणाला लागून मारुतीचं देऊळ. लढाई थांबावी, जगात शांतता नांदावी म्हणून तिथं अखंड हरिनामाचा सप्ताह धरला व्हता. बाहेरगावचे एक बुवा आणले व्हते. अखंड म्हणजे दिवसरात्र, क्षणाचाबी खंड न्हाई. मृदंग, पेटी, आणि टाळ. पहिला टाळ वाजला आणि माझी पाठ खाटेवरून उठली.

घर सारवलं मी. देवाशप्पथ सारवलं. त्या दिवशी मला राग आलाच नव्हता. उलट लहानपणापासून ऐकलेलं नाम, कानाला बरंच वाटलं. मन शांत व्हतं. पण पाठ मनाला विचारत न्हाई. टाळ पडला की झटका, टाळ पडला की झटका. गुंगीचं औषध वाढवलं, तर श्वास मंद व्हायला लागला. मी ऐकलं, साहेब कंपाउंडरला म्हणाले, "ऐसा चला तो कल तक नहीं."

मालक बुवांकडं गेले. हात जोडले, पाय धरले. टाळ तेवढे थांबवा, नाम तोंडानं घ्या, म्हणाले. हे सगळं मला मागून कंपाउंडरनं सांगितलं, तो संगं गेला व्हता. बुवा म्हणाले, "अखंड नामात खंड पडला तर साऱ्या गावावर संकट. एका जिवासाठी जगाची शांती मोडू?" मालक म्हणाले, "महाराज, एकदा डोळ्यानं बघून तर जा."

बुवा आले. घोंगडी जरा सरकवून त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा ताणलेला, दात दिसत असलेले. बुवांनी हात जोडले आणि केवढ्या मोठ्यानं म्हणाले, "अहो, बाईंच्या मुखावर तर हास्य आहे! नामाचा प्रताप. बाई, मन शांत ठेवा. ज्याचं मन शांत, त्याला जगातला कोणताच आवाज बाधत नाही. तुमच्या शांतीतूनच विश्वाची शांती होणार आहे."

काय सांगू! एवढा राग मला जन्मात आला न्हाई आणि येणार न्हाई. माझ्या हाडांचा चुरा होऊन राहिला आणि हा माणूस मला विश्वाचं काम लावून राहिला! मेल्या, तुझे टाळ थांबव, मग विश्वाचं बघू. सगळं घर सारवून झालं, अंगण सारवलं, गोठा सारवला, तरी राग बसेना. त्या झटक्यात माझी एक बरगडी दुखावली. अजून थंडीत दुखते.

बुवा गेल्यावर साहेब आणि मालक दाराबाहेर बोलून राहिले व्हते. साहेबांचा आवाज लई बारीक. "मी फौजदाराला चिठ्ठी दिली तर अर्ध्या घंट्यात बंद होईल. पण उद्या बाजारात काय म्हणतील? मुसलमान डॉक्टरनं हरिनाम बंद पाडलं. मग दोन्हीकडची डोकी फुटतील आणि टाके घालायला माझ्याकडंच येतील. तरी पण तुम्ही म्हणाल तर देतो चिठ्ठी. मरीज माझा आहे."

माझे मालक म्हणजे पोटातलं पाणी हलत न्हाई असा माणूस. बांधावर भांडण झालं तर ते मी करायचं आणि ह्यांनी बैल सोडून आणायचे. माझा जीव साहेबांच्या एका चिठ्ठीवर, आणि ह्यांच्या एका शब्दावर. व्हय म्हणा, मी मनात ओरडून राहिले, व्हय म्हणा!

"न्हाई साहेब," मालक म्हणाले. "तुमी नका मधी पडू. मी बघतो."

मी बघतो! लग्न झाल्यापासून हे दोन शब्द मी त्या तोंडातून ऐकले नव्हते. मला वाटलं, संपलं आपलं.

आता ज्यांनला माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगते. सप्ताहात एक वीणा असते. ती गळ्यात घालून एक माणूस कायम उभा राहतो, त्याला पहारा म्हणतात. त्याची पाळी संपली की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. वीणा भुईला टेकवायची न्हाई आणि कुणाच्या गळ्यातून ओढून घ्यायची न्हाई. ज्यानं द्यायची त्यानंच द्यायची. आणि जिथं वीणा तिथं नाम, टाळकरी तिच्यामागं.

मालक गावात भजनाला उभे राहायचे, त्यानला हे सगळं पाठ. भर दुपारी, जेवणं होऊन मंडळी पेंगून राहिली व्हती, तवा ते देवळात गेले आणि पहारा मागितला. त्या वेळेला पहाऱ्याला माणूस मिळत नसतंच. लगेच दिला. मालकांनी वीणा गळ्यात घातली, देवाला नमस्कार केला, नाम घेत थोडा वेळ उभे राहिले. आणि मग तसेच नाम घेत मांडवातून बाहेर पडले.

टाळकऱ्यांनला वाटलं दिंडी निघाली. उठले आणि मागं लागले. वीणा पुढं, टाळ मागं, मृदंगवाला पळत पळत पट्टा गळ्यात अडकवत. बाजारातून, वेशीतून, थेट कयाधू नदीच्या काठापर्यंत. तिथं एका चिंचेखाली मालक उभे राहिले ते उभेच राहिले.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी अंधारात पडलेली. टाळांचा आवाज बारीक व्हायला लागला. आणखी बारीक झाला. मला वाटलं, ऐकू येणं बंद व्हायला लागलं, म्हणजे आता मी चालले. खरं सांगते, तवा मी भ्याले. त्याआधी रागापायी भ्यायला सवडच मिळाली नव्हती. पोराबाळांची तोंडं आठवली. मग खिडकीबाहेर एक चिमणी बोलली, स्पष्ट ऐकू आली. मी वाट बघत राहिले. झटका आला न्हाई.

तिकडं नदीवर बुवा धावत पोचले. घामाघूम. "चोरा! ठेव ती वीणा!" ओरडले.

मालक म्हणाले, "कुठं ठेवू महाराज? भुईवर?"

बुवांनी शिव्या दिल्या. कंपाउंडर सांगतो, अशा शिव्या त्यानं बैलबाजारातबी ऐकल्या न्हाईत. मग म्हणाले, माझ्या गळ्यात दे. मालक म्हणाले, "देतो की. इथं चिंचेखाली मांडव घालत असाल तर आत्ता देतो. न्हाईतर मी उभा हाय. नाम चालू हाय, खंड पडला न्हाई, बघा बराबर." बुवांनी हात उगारला. तवा एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाला, "महाराज, शांतीचा सप्ताह हाय."

दिवस कलेपर्यंत मालक उभे राहिले. अन्न न्हाई, पाणी न्हाई. मांडव नदीवर आला, समई आली, पोथी आली, तवा त्यांनी वीणा दिली, पाया पडले आणि दवाखान्यात येऊन आपल्या जागेवर भिंतीला टेकून बसले.

सीरमनं आणि शांततेनं काम केलं. साहेब रोज माझ्या दातांत बोट घालून बघायचे. आधी करंगळी जाईना, मग गेली, मग दोन बोटं गेली. पहिला शब्द "पाणी" म्हणाले. दुसऱ्या दिवशी जरा ताकद आल्यावर मालकाला म्हणाले, "गावभर सांगून राहिलेत, वीणा घेऊन पळालात म्हणून?"

"पळालो न्हाई," ते म्हणाले. "चालत गेलो."

माझ्यासारखं कुणी या आजारात सापडलं, तर माझं एवढं ऐकावं. रागाला आवर घालावा लागतो, ते खरं हाय, आणि ते जमतं. मला जमलं तर कुणालाबी जमेल. पण आजाऱ्याला एकट्याला शांत राहायला सांगून आपण टाळ वाजवत बसू नका. त्या साहेबांचे उपकार, चिठ्ठी देत व्हते म्हणून आणि दिली न्हाई म्हणूनबी. त्या घोड्याचे उपकार, ज्याचं नाव-गाव मला माहीत न्हाई. मालकांचे म्हणायचे तर त्यानला लाज वाटते, म्हणून म्हणत न्हाई.

घरी निघायच्या दिवशी मला बाहेरच्या खाटेवर आणून बसवलं व्हतं. माझ्या अंधाऱ्या खोलीत आदल्या दिवशी तांड्यावरची एक बाळंतीण आणली व्हती. तिलाबी धनुर्वात. लई कोवळी पोर. तिचा नवरा दाराशी बसलेला, तोंडात पागोट्याचं टोक कोंबून.

आणि बुवा आले. सप्ताहाचा प्रसाद घेऊन, मागं दहा-पाच माणसं घेऊन, पायात खडावा. फरशीवर खट् खट् खट्. आत्याबाई माझ्या कानात म्हणाल्या, "पाया पड, आणि तोंड आवर." बुवा सगळ्यांकडं वळून मोठ्यानं सांगायला लागले, "पाहिलंत? ह्या माउलीनं मन शांत ठेवलं, नामाला शरण गेली..."

सगळे माझ्या तोंडाकडं बघून राहिले. आता बार उडणार, हे सगळ्यांनला माहीत. मी तर पडल्या पडल्या एकेक शब्द घासून ठेवला व्हता. बुवांच्या सात पिढ्यांनला पुरून उरले असते.

आतून खाट करकरली. मला ते करकरणं ओळखू आलं. टाच आणि टाळू.

मी बुवांच्या जवळ तोंड नेलं. "महाराज," मी म्हणाले, इतक्या हळू की मलाच माझा आवाज नवा वाटला, "आत बाई हाय. हळू."

बुवांनी तोंड उघडलं. दाराशी बसलेल्या त्या नवऱ्याकडं बघितलं, त्याच्या तोंडातल्या पागोट्याकडं बघितलं. मग प्रसाद माझ्या हातावर ठेवला, वाकले, खडावा काढून काखेत घेतल्या आणि अनवाणी, चवड्यांवर चालत बाहेर गेले.